पालथं नाणं

आठवं नाणं आमच्या मजूर द्रौपदीच्या थापीला लागलं, तेव्हा पाळंदे सर उत्खननाच्या खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या कपातला चहा कधीचा गार झाला होता.

"बाय, हय बगा. बटन हाय का काय," द्रौपदी म्हणाली.

मी जवळजवळ उडीच मारली. ओल्या काळ्या गाळात, बोटभर खोलीवर, शर्टाच्या बटणाएवढी तांब्याची चकती सपाट पडली होती. तिच्यावर एका राजाचं डोकं, उजवीकडे बघणारं. कपाळाला मोत्यांची पट्टी. नाक झिजून गेलेलं, पण ऐट शाबूत.

"कोण आलंय, कुमुद?" सरांनी वरून विचारलं. आठव्या खेपेलाही त्यांचा आवाज कापत होता.

"थांबा सर, मागची बाजू बघू दे. पंखवाली बाई आहे. चालली आहे. मागे कुणाला तरी ओढतेय."

"केसांना धरून?"

"हो."

"विजयदेवी. कैद्याला फरफटत नेतेय. अक्षरं?"

"सगळी गेलीत."

"जाऊ देत. थिओडोसियस, नाहीतर त्याच्या दोन पोरांपैकी एक. चौथं शतक संपता संपता." त्यांनी हात पुढे केला. मी नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले आणि त्यावरून अंगठा फिरवला. सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. चष्म्याच्या जाड भिंगांतून त्यांना माणूस दिसे, चेहरा दिसत नसे. तरी रोमच्या पडत्या काळातली ही चिल्लर ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ही नाणी ओळखणं म्हणजे डोकेदुखी असते. सोन्याचांदीचं नाणं स्वतःहून बोलतं. ही तांब्याची पिल्लं मुकी. ठसा अर्धा चकतीबाहेर गेलेला, राजाचं नाव कापलं गेलेलं, उरलेलं हजार हातांनी घासलेलं. सर म्हणायचे, "अक्षरं वाचत बसू नकोस. उभं राहणं बघ. गल्लीच्या टोकाला आपला बाप दिसला तर तू काय त्याचं नाव वाचतेस? चालीवरून ओळखतेस ना?" मग ते पेन्सिलीनं फराटे काढून दाखवायचे. दोन शिपाई आणि मधे निशाण असेल तर हा काळ, घोड्यावरून कोसळणारा स्वार असेल तर तो. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली हेच शिकले होते.

आणखी एक गोष्ट शिकले होते, तीही पहिल्याच दिवशी. वजन करून झालेलं नाणं मी ट्रेमध्ये टाकलं आणि ते उलटं पडलं. सरांनी माझ्या मनगटावर फटका मारला, चांगला सणसणीत.

"पालथा पडून राहतो तो दारुडा. हा राजा आहे. चेहरा वर, मान सरळ. कायम."

त्या दिवसापासून माझ्या हातून नाणं पालथं पडलं नाही. बसच्या सुट्ट्या पैशांनासुद्धा मी सरळ करायची. मैत्रिणी हसायच्या, मी हसू द्यायची.

हे सगळं चाललं होतं देवखारला. कोकणातल्या एका खाडीच्या काठावरचं हे गाव आणि गावाबाहेरचं ते टेकाड. सरांचं म्हणणं असं की पश्चिमेकडची जहाजं या खाडीत पाचव्या शतकापर्यंत येत होती. बाकी सगळ्यांचं म्हणणं, छे, तो व्यापार कोकणात त्याआधीच केव्हाच आटला. पंचवीस वर्षं सर एकटे एका बाजूला आणि उरलेले विद्वान दुसऱ्या बाजूला. परिसंवादात चहाच्या वेळी कुणीतरी हमखास विचारायचं, "काय पाळंदे, लागलं का तुमचं गलबत किनाऱ्याला?" सरही हसायचे. मला मात्र त्या लोकांच्या कपात मीठ घालावंसं वाटायचं.

त्या वर्षी गोष्ट चेष्टेपलीकडे गेली होती. खाडीवर खारबंधारा व्हायचा होता आणि भरावासाठी हेच टेकाड खणून न्यायचं ठरलं होतं. पायथ्यापर्यंत मुरुमाचा रस्तासुद्धा तयार होता. सरकारच्या पुरातत्त्व खात्यातून आगटे साहेब येऊन पाहणी करणार होते. त्यांची खात्री पटली तर टेकाड वाचणार, नाहीतर खोदकाम बंद आणि ट्रक सुरू. सरांना त्याच पावसाळ्यात हृदयाचा झटका येऊन गेला होता. पुढचा हंगाम त्यांना मिळणार नव्हता, हे ते सोडून सगळे जाणून होते. किंवा तेही जाणून असतील.

आणि हंगाम संपत आला असताना नाणी निघू लागली होती. एक, मग दोन, मग एकदम तीन. आता आठ. नाण्यांच्या ओळखपत्रकावर सही माझी होणार होती, कारण सरांच्या डोळ्यांचं एव्हाना सगळीकडे माहीत झालं होतं.

"अंबुजा!" सरांनी तंबूच्या दिशेनं हाक मारली. "आठवं आलं गं!"

अंबुजाकाकू स्वयंपाकाच्या तंबूतून पदराला हात पुसत बाहेर आल्या. सरांच्या पत्नी. तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज शिवकाळातच तिकडे गेलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीला जुन्या पितळी भांड्यासारखा एक वेगळा नाद होता. त्यांचे वडील करूरला शाळामास्तर होते. ते त्याच हिवाळ्यात वारले. दिवसकार्य आटोपून काकू परस्पर देवखारला आल्या, एक पत्र्याची ट्रंक घेऊन. आल्या आल्या त्यांनी चूल ताब्यात घेतली आणि आम्हाला उडदाचं डांगर कालवून घातलं. दुपारी मजूर घरी जेवायला जात, सर आडवे होत, मी आकृत्या काढत बसे. तेव्हा खड्ड्यातला गाळ उन्हानं तडकू नये म्हणून त्यावर गोणपाटं घालून ती भिजवत ठेवायची, हे कामही काकूंनी आपणहून घेतलं होतं.

"आलं का?" काकू म्हणाल्या. "बरं झालं बाई." आणि त्या सरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. नाण्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला वाटलं, असंच असतं बायकांचं. नवऱ्याचा आनंद पुरतो त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच खड्ड्यात होते. साहेब येण्याआधी खड्ड्याच्या भिंती नीट तासून ठेवायच्या होत्या. एका कोपऱ्यात शिंपल्यांचा घट्ट थर लागला होता. आदल्या दिवशी तो फोडताना द्रौपदीच्या कुदळीचं पातं वाकलं होतं; भिंतीलगत अखंड राहिलेला त्याचा तुकडा मी त्या सकाळी फोडून काढला. त्याच्याही खाली, हातभर खोल, माझ्या थापीला काहीतरी टोचलं. हिरवट ढेकूळ. मी ब्रश फिरवला. कळंकानं पार बरबटलेलं नाणं होतं ते. चिंच लावून विसरलेल्या तांब्यावर येतो तसा फिकट हिरवा, भुसभुशीत कळंक. त्याच्या आरपार काही दिसत नव्हतं. मी ते अलगद उचललं. खालच्या बाजूला कळंक थोडा पातळ होता आणि त्यातून मानेची आणि कानाची रेघ वर आली होती. म्हणजे राजा खाली होता, जमिनीकडे तोंड करून. माझ्या हातानं आपोआप त्याला उलटा केला. चेहरा वर, मान सरळ.

आणि तिथंच माझा हात थांबला.

पालथं निघालं होतं हे.

मग बाकीची?

मी एकेक आठवू लागले. पहिलं, कोसळणाऱ्या स्वाराचं, राजाचा चेहरा वर. दुसरं, दोन शिपायांचं, चेहरा वर. तिसरं तसंच, चौथंही तसंच. आठच्या आठ. मागची बाजू बघायला मला दर वेळी नाणं उलटावं लागलं होतं. नाणेफेकीत आठ वेळा ओळीनं छापा पडेल का कुणाला? दीड हजार वर्षांपूर्वी कुणाच्या हातून, कुणाच्या कनवटीतून चिखलात पडलेली नाणी. आणि एकाही पठ्ठ्यानं तोंडघशी पडू नये?

पण आम्हाला खटकलं नव्हतं. ना मला, ना सरांना. दुसरं कुणीही असतं तर तिसऱ्याच नाण्याला त्याच्या भुवया वर गेल्या असत्या. आमच्या दृष्टीनं नाणं तसंच पडलेलं असायला हवं होतं.

मग एकामागून एक सगळं अंगावर आलं. ही आठ नाणी स्वच्छ होती, गुळगुळीत, काळसर. वाळूतून वाहत्या पाण्यानं धुतली गेल्यासारखी. कळंकाचा ठिपका नाही. सर म्हणाले होते, गाळात हवा नसते म्हणून टिकली असतील, आणि मी मान डोलावली होती. मग त्याच गाळातलं हे नववं असं सडलेलं कसं? आणि आठही नाणी दुपारनंतर निघाली होती. जेवणाच्या सुटीनंतर.

मी तिथंच चिखलात बसले. नाण्याला कायम चेहरा वर करून ठेवणारी माणसं त्या टेकाडावर दोनच होती. त्यातली एक मी.

त्या हिरव्या ढेकळाकडे मी पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. या किनाऱ्यावर दहा राजवटींची नाणी सापडतात, असेल कुठल्या तरी क्षत्रपाचं, असं म्हणून ते माझ्या तंबूत पाण्याच्या वाटीत टाकलं आणि सरांना शोधत निघाले.

ते काजूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते.

"कुमुद का? चप्पल फरफटतेयस. पाय मुरगळला का?"

"सर, आठही नाणी चेहरा वर करून निघाली."

"मग?"

"आठही, सर."

क्षणभर त्यांना काही कळलंच नाही. माझ्यासारखंच. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. तोंड उघडं राहिलं. माणूस इतका हादरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. चोर पकडला गेला की असाच दिसत असेल, असं तेव्हा मला वाटलं.

"पहिल्यापासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून. आणि सगळी दुपारी, गोणपाटं काढल्यावर. एकावरही कळंक नाही. नदीतली वाटतात. कुणीतरी ठेवली आहेत ती, सर. ज्याला राजा पालथा घालवत नाही अशा कुणीतरी."

त्यांनी मान वळवली. स्वयंपाकाच्या तंबूतून धूर निघत होता आणि आत काकू काहीतरी कुटत होत्या, त्याचा आवाज येत होता. सर त्या दिशेला तोंड करून बराच वेळ गप्प बसले. माझ्याकडे बघायची लाज वाटतेय, मला वाटलं.

"मी ठेवली," ते म्हणाले.

"काय?"

"मीच ठेवली. आठही."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या काजूच्या झाडाखाली कळलं. मी ते मनात म्हटलं होतंच, पण त्यांच्या तोंडून ऐकायला आले नव्हते. नाही म्हणतील, ओरडतील, मनगटावर फटका मारतील, म्हणून आले होते.

"कुठून आणलीत?"

"होती माझ्याकडे."

"तुम्हाला दिसत नाही, सर. एकट्यानं खड्ड्यात कसे उतरलात?"

"नाणं ठेवायला डोळे कशाला लागतात?" ते चिडून म्हणाले. मग एकदम मऊ झाले. "पोरी, आता उलटतपासणी करू नकोस."

"मी सही करणार नाही."

"करू नकोसच. उद्या आगटे आले की मी सांगेन."

"सांगायची काय गरज आहे? आपण म्हणू, काही सापडलं नाही. नाणी देऊ टाकून खाडीत."

"सहा नाण्यांचं त्यांना आधीच कळवलंय. नाणी कुठं गेली म्हणून चौकशी होईल. मजुरांना विचारतील, तुला विचारतील, जो तो या तंबूतून त्या तंबूत हिंडेल." त्यांनी मान हलवली. "ते नको. मीच सांगतो. एकदाच."

रडू येत होतं आणि रागही. सहा वर्षं ज्या माणसाच्या शब्दाखातर मी लोकांशी भांडले, त्यानंच मला असं तोंडघशी पाडावं! मी त्यांच्याशी आणखी एक शब्द न बोलता निघून आले.

आगटे साहेब जीपनं आले. जाडे, घामाघूम आणि स्वभावानं सरळ. इतकी वर्षं सरांची टिंगल करणाऱ्यांत तेही होते, पण त्या दिवशी हातात हार घेऊन आले होते. पिवळ्या झेंडूचा.

"पाळंदे, लागलं हो तुमचं गलबत!" त्यांनी लांबूनच आरोळी दिली. "मी हरलो. हार घालायला म्हणून मीच आणलाय."

टेबलावर ट्रेमध्ये आठ नाणी मांडलेली होती, आठही राजे आकाशाकडे बघत. सर उठून उभे राहिले. काठी बाजूला ठेवली.

"आगटे, हार राहू द्या. ही नाणी इथली नाहीत. ती मी बाहेरून आणून खड्ड्यात ठेवली. कुमुद तारळेकरांनी ती पकडली. त्यांचा यात काही संबंध नाही. कुणाचाच नाही."

काकू चहाचा ट्रे घेऊन तंबूच्या दारात आल्या होत्या, त्या तिथंच थबकल्या. कपबश्या किणकिणायला लागल्या आणि थांबेनात. द्रौपदीनं पुढे होऊन तो ट्रे त्यांच्या हातातून काढून घेतला.

"पाळंदे..." आगटे साहेब खाली बसले. "अहो, तुम्ही? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती."

"लिहून घ्या," सर म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं. नाणी पाकिटात घालून लाखेनं बंद केली. खोदकामाचा परवाना त्याच बैठकीत रद्द झाला. जाताना साहेबांनी सरांचा हात हातात घेऊन दाबला आणि ते जीपमध्ये बसले. झेंडूचा हार खुर्चीवर तसाच राहिला.

मी माझ्या तंबूत आले. सामान बांधायला हवं होतं, पण हात चालेनात. टेबलावर वाटी दिसली. त्यातलं नाणं काढलं आणि बाभळीच्या काट्यानं कळंक टोकरायला लागले. नाणी साफ करायला आम्ही काटाच वापरतो, लोखंडासारखा तो ओरखडत नाही. हाताला काहीतरी काम हवं होतं, एवढंच. डोक्यात सारखं एकच चाललं होतं, सर, तुम्ही असं का केलंत?

काट्याखालून मोती निघाले. एक, दोन, मग पट्टीच. राजाच्या कपाळावरची मोत्यांची पट्टी. क्षत्रप नव्हता हा. हाही रोमचाच.

म्हणजे हेसुद्धा त्यांचंच! हेही आणून पुरलेलं, आणि वर कळंक चढवण्याची कारागिरी केलेली! माझं डोकं फिरलं. मी ते नाणं टेबलावर आपटलं, मुद्दाम पालथं. पड तोंडावर, म्हटलं.

तेवढ्यात काकू आत आल्या. हातात चहा होता. डोळे सुजलेले.

"घोटभर घे गं. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

त्यांनी कप टेबलावर ठेवला. ठेवता ठेवता डाव्या हाताच्या दोन बोटांनी नाण्याची कड पकडली, ते उलटलं, आणि राजाची मान सरळ केली. त्यांचं लक्ष नव्हतं त्याकडे. त्या माझ्याकडे बघत होत्या. वाटेतली चप्पल पायानं नीट करावी तसं त्यांनी ते केलं.

मी काटा खाली ठेवला.

तीस वर्षं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा नाणीच जास्त असायची. त्यांच्याही मनगटावर कधीतरी फटका बसला असणार. काकू, डोळे धड असलेल्या, दुपारी गोणपाटं भिजवणाऱ्या. करूरहून आलेल्या. करूरच्या नदीच्या पात्रात उन्हाळ्यात माणसं चाळण्या घेऊन बसतात आणि वाळूतून नेमकी असली नाणी काढतात, हे तर सरांनीच मला शिकवलं होतं.

"काकू," मी म्हटलं. "तुम्ही."

त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग नाण्याकडे. मग त्या माझ्या खाटेवर बसल्या.

"अप्पांनी दिली होती," त्या म्हणाल्या. "जाताना म्हणाले, अंबुजे, ही जावयांना दे. नदीतली आहेत, त्यांना आवडतात. मी इकडे आले तर हे आपले रोज रिकाम्या खड्ड्याच्या काठाशी बसलेले. वाटलं, हातात दिली तर डबीत पडून राहतील. मातीतून दिली तर... पहिलं निघालं त्या दिवशी ते जेवले गं नीट. झटक्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले. मग मला थांबवेना."

"आणि सरांना—"

"मी काही बोलले नाही. ते काही बोलले नाहीत. आज उभे राहिले तेव्हा मला कळलं की त्यांना कळलंय." त्यांनी पदर तोंडात कोंबला. "मी सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही माझी. त्यांनी मला बोलूच दिलं नाही."

काजूखाली सर धुराकडे बघत गप्प का बसले होते, ते आता मला कळत होतं. मला दोनच माणसं सुचली होती. त्यांना तिसरं सुचलं, आणि त्याच क्षणी त्यांनी ठरवून टाकलं.

"आणि याच्यावर हा कळंक कसा चढवलात?" मी नाणं पुढे करून विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

काकूंनी ते हातात घेऊन पाहिलं. कपाळाला आठी पडली.

"हे कुठलं?"

"खड्ड्यातलं. काल सकाळी निघालं. हेही तुमचंच ना?"

"नाही गं. माझी आठच होती."

"नीट आठवा, काकू."

"आठवायचं काय? अप्पांनी आठच दिली होती. हे असलं घाणेरडं नव्हतंच त्यात."

शिंपल्यांचा थर. कुदळीचं पातं वाकवणारा, अभंग. त्याच्याखाली हातभर. तिथं काकूच काय, पृथ्वीवरचं कुणीही काही ठेवू शकत नव्हतं. मी काटा उचलला आणि मागची बाजू टोकरायला लागले. काकूंनी नाणं घट्ट धरून ठेवलं. कळंकाचा एक पापुद्रा निघाला. एक पाय. दुसरा पाय. भाला. शेजारी आणखी एक माणूस उभा. तिकडे पलीकडे आणखी एक. तिघं समोर तोंड करून उभे, दोन उंच आणि मधला त्यांच्या खांद्याइतका.

मी धावत सुटले. काकू माझ्यामागे.

सर काजूखालीच होते. मी काही न बोलता नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा, फार हळू.

"तिघं," ते म्हणाले. "मधला बुटका." "मधला पोर आहे. दोन मोठे बादशहा आणि मधे सात वर्षांचा पोरगा, तिसरा बादशहा. कुमुद, हे पाचवं शतक आहे. पाचवंच. दुसरं काही असूच शकत नाही. कुठं मिळालं?"

"शिंपल्यांच्या खाली, सर."

"कसं पडलं होतं?"

"पालथं."

त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते हसत होते. "लागलं," ते म्हणाले. "लागलं गं, अंबुजा. गलबत लागलं."

"साहेबांची जीप अजून फाट्यावर असेल," मी म्हणाले. "मी जाते. आत्ता गाठते त्यांना."

"आणि सांगशील काय? पाळंद्यांनी आठ पुरली, पण नववं देवानं दिलं?"

"खरं काय ते सांगते. सगळं."

"मी सांगते," काकू म्हणाल्या. त्या चालायलाही लागल्या होत्या, अनवाणी. "मी केलंय. मी सांगते त्यांना. मग मानतील ते."

"अंबुजा."

त्या थांबल्या.

"बस इथं," सर म्हणाले. "आठ कुणी ठेवली ते माझं सांगून झालंय. माझा शब्द मी एका दिवसात दोनदा बदलणार नाही." त्यांनी चाचपत त्यांचा हात शोधला आणि आपल्या शेजारी खुर्चीच्या दांड्यावर ठेवून घेतला. "मला कळलं ना? पुरे झालं."

मला पुरे झालं नव्हतं. मी भांडले, रडले, पाया पडले. ते हलले नाहीत. महिन्याभरात टेकाडाचे ट्रक भरू लागले, आणि पावसाआधी खारबंधारा पुरा झाला. सर पुढच्या हिवाळ्यात गेले. वर्तमानपत्रात आलेल्या चार ओळींत त्या आठ नाण्यांचा उल्लेख होता. काकू त्यांच्यामागे बरीच वर्षं जगल्या आणि त्या हयात असेतो मीही तोंड उघडलं नाही.

ते नाणं आता आमच्या संग्रहालयात आहे. खाली चिठ्ठीवर लिहिलंय, 'प्राप्तिस्थान अज्ञात'. माझ्याच अक्षरात. नव्या मुली कामाला येतात, त्यांना मी सगळं शिकवते. अक्षरं वाचत बसू नका, उभं राहणं बघा. चेहरा वर, मान सरळ. त्या शहाण्या मुली आहेत. ट्रे आवरताना त्यांना ओळीत हा एकच राजा पालथा पडलेला दिसतो आणि त्या त्याला नीट करून ठेवतात.

संध्याकाळी कपाट बंद करण्याआधी मी तो पुन्हा पालथा घालते.